सहा जणांचा उत्तरलेखन गट: एक प्रकरण अभ्यास

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा मुख्य परीक्षेची तयारी करणारे सहा जण, चार मुलगे आणि दोन मुली. ठिकाण पुण्यातली सदाशिव पेठ. पूर्वपरीक्षा होऊन गेली आहे, उत्तरतालिकेवरून गुण बरे दिसताहेत, निकाल यायचा आहे आणि मुख्य परीक्षेला चार महिने आहेत. ओळख एकाच अभ्यासिकेतली. एकट्याने उत्तरं लिहिली तर ती कोणी वाचत नाही आणि टेस्ट सिरीजकडून (खासगी सराव-परीक्षांकडून) कॉपी, म्हणजे उत्तरपत्रिका, तपासून यायला फार दिवस लागतात, म्हणून त्यांनी गट केला.

हे कोणा एका गटाचं जसंच्या तसं वर्णन नाही. पेठांतल्या अभ्यासिकांमध्ये बनणाऱ्या आणि मोडणाऱ्या गटांत जे पुन्हापुन्हा दिसतं, ते इथे एका गटाच्या रूपात मांडलं आहे. वेळा, प्रश्नांची संख्या आणि तपासण्याची पद्धत मात्र उद्यापासून वापरता येईल अशीच दिली आहे.

परीक्षेचं स्वरूप आधी पाहायला हवं, कारण गटाची बरीचशी अडचण तिथूनच सुरू होते. राज्यसेवा मुख्य परीक्षेतले सामान्य अध्ययनाचे पेपर जवळपास दशकभर बहुपर्यायी होते. आयोगाने २०२२ मध्ये वर्णनात्मक पद्धत जाहीर केली. पुण्यातल्या उमेदवारांच्या आंदोलनानंतर २०२३ मध्ये ती पुढे ढकलली गेली आणि अंमल २०२५ पासून ठरला. आता एकूण नऊ पेपर आहेत. मराठी आणि इंग्रजी प्रत्येकी ३०० गुणांचे, पण त्यांत फक्त २५ टक्के मिळवायचे. निबंध २५० गुणांचा, सामान्य अध्ययनाचे चार पेपर प्रत्येकी २५०, वैकल्पिक विषयाचे दोन पेपर प्रत्येकी २५०. गुणवत्तेसाठी धरले जाणारे गुण १७५०, आणि त्यावर मुलाखतीचे २७५.

म्हणजे चार पर्यायांतून बरोबर उत्तर ओळखायची सवय असलेल्या पिढीला आता कोऱ्या कागदावर दीडशे शब्द मांडायचे आहेत. सहापैकी सर्वांत जुना उमेदवार सांगलीकडचा मेकॅनिकल इंजिनिअर. त्याने मुख्य परीक्षा दोनदा दिली आहे, पण दोन्ही वेळा बहुपर्यायी. बाकीचे असे: परभणीच्या कृषी विद्यापीठाचा पदवीधर, नाशिकचा राज्यशास्त्राचा बीए, लातूरचा बीएस्सी, अमरावतीची बीफार्म झालेली आणि सोलापूरची बीकॉम. वैकल्पिक विषय चौघांचे चार, उरलेल्या दोघांचा एकच. म्हणून वैकल्पिक विषय गटात आणायचा नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी ठरवलं. तेवढा निर्णय योग्य होता.

पहिले सहा आठवडे

सुरुवातीची मांडणी बहुतेक गटांची असते तशीच होती. रोज रात्री साडेआठ ते साडेदहा, तिघे जण राहतात त्या फ्लॅटच्या हॉलमध्ये जमायचं. अभ्यासक्रमाचे सहा भाग करायचे, प्रत्येकाने एका भागाच्या नोट्स काढून टेलिग्रामवर टाकायच्या. रोज एक तास चालू घडामोडी, एक तास एखाद्या विषयावर चर्चा. रविवारी दोन उत्तरं लिहून ग्रुपवर फोटो टाकायचा.

सहा आठवड्यांनी हाती काय होतं? नोट्सच्या सहापैकी दोनच पीडीएफ पूर्ण होत्या, आणि त्याही काढणाऱ्याशिवाय कोणी उघडलेल्या नव्हत्या. चालू घडामोडींचा तास हळूहळू कटऑफ, जागांची संख्या, न्यायालयात अडकलेली भरती आणि परीक्षेच्या तारखांच्या अंदाजाकडे वळत गेला होता. विषयाच्या चर्चेत इंजिनिअर आणि राज्यशास्त्रवाला बोलत, इतर लिहून घेत. रविवारची उत्तरं आधी सहा जण लिहीत, मग चौघे, मग दोघे. फोटोखाली अंगठ्याचं चिन्ह यायचं, शेरा कधीच नाही. बीकॉमवाली तिसऱ्या आठवड्यापासून येईनाशी झाली आणि लातूरचा अधूनमधून दांडी मारू लागला.

या टप्प्यावर गट मोडतात. मोडताना जे कारण सांगितलं जातं ते बहुधा माणसांबद्दल असतं: अमुक सिरीयस नाही, तमुक फारच बोलतो. या प्रकरणात प्रत्येक बिघाडाचं कारण मांडणीत होतं, आणि ते एकेक करून पाहण्यासारखं आहे.

नोट्सची वाटणी वरवर शहाणपणाची वाटते, कारण सहावा भागच करावा लागतो. पण नोट्स काढताना निवडणं, गाळणं, आपल्या शब्दांत बसवणं यातच अभ्यास होतो. तयार पीडीएफ हाती आली की उरतं फक्त वाचणं, आणि वाचणं फसवं असतं. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हापुन्हा वाचला, तर काहींनी तो मिटून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतरच्या चाचणीत आठवून लिहिणारे स्पष्टपणे पुढे गेले. मुख्य परीक्षा आठवड्यानंतरच्या चाचणीसारखीच असते, तिथे सगळं आठवूनच लिहावं लागतं.

चर्चेचंही तसंच. सहा जण एकत्र बसून एखाद्या प्रश्नाचे मुद्दे काढू लागले, की निघणारी यादी सहा जणांनी वेगवेगळं बसून केलेल्या याद्यांच्या बेरजेपेक्षा लहान भरते. वेल्डन आणि बेलिंजर यांनी १९९७ मध्ये गटाने मिळून आठवण्यावर केलेल्या प्रयोगांत हाच परिणाम मांडला आहे. दुसऱ्याने काढलेला मुद्दा आपल्या आठवणीचा क्रम तोडतो, आणि मग आपण त्याच्याच मुद्द्याच्या आसपास विचार करत राहतो. पहिला बोलणारा अनुभवी असेल तर हे आणखी वाढतं. इथे तर त्या अनुभवी उमेदवाराचा अनुभव वेगळ्याच पद्धतीच्या परीक्षेचा होता. माहिती त्याच्याकडे सर्वांत जास्त होती, पण दीडशे शब्दांत उत्तर बसवण्याचा सराव इतरांइतकाच कमी होता.

बीकॉमवाली का येत नव्हती, हे सहाव्या आठवड्यापर्यंत कोणी विचारलंच नाही. तिच्या वसतिगृहाचं फाटक रात्री नऊला बंद होतं. पहिले काही दिवस तिने अर्ज देऊन सवलत घेतली, नंतर ते जमेना. तिने ते स्वतःहून सांगितलं नाही, कारण वेळ सगळ्यांना सोयीची आहे असं आधीच ठरून गेलं होतं. गटाची वेळ ठरवताना प्रत्येकाला एकेकट्याला विचारावं: कुठे राहतेस, फाटक किती वाजता, मेस किती वाजता, सकाळी किती वाजता उठतोस. सगळ्यांसमोर विचारलं की माणूस भिडेपोटी हो म्हणतो.

तपासणी होत नव्हती याचं कारण तर सरळ आहे. कोणी कोणाची कॉपी तपासायची हे ठरलेलंच नव्हतं, आणि जे काम सहाही जणांचं असतं ते कोणाचंच नसतं.

गटात काय आणायचं

मांडणी बदलताना त्यांनी एकच कसोटी लावली: जे काम एकट्याला होतं ते गटात करायचं नाही. वाचन, नोट्स, पाठांतर, पूर्वपरीक्षेच्या तथ्यांची उजळणी हे सगळं आपापलं. गटात फक्त तीन गोष्टी. ठरल्या वेळी सगळ्यांनी लिहिणं, आपली कॉपी दुसऱ्याच्या डोळ्यांखालून जाणं, आणि सहा कॉपी शेजारी ठेवल्यावर काय सुटलं ते दिसणं.

या कसोटीमागे एक जुनं निरीक्षणही आहे. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात युरी ट्रीझमन यांनी १९७० च्या दशकात कलनगणित शिकणाऱ्या कृष्णवर्णीय आणि चिनी वंशाच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास बारकाईने पाहिला. यशस्वी होणारे चिनी वंशाचे विद्यार्थी आठवड्याला सुमारे १४ तास त्या विषयाला देत. त्यातले ८ ते १० तास ते एकटे बसत, आणि मग संध्याकाळी एकत्र जमून एकमेकांची उत्तरं तपासत. एकटं बसणं आधी आणि जास्त, एकत्र येणं नंतर आणि कमी, हे प्रमाण लक्षात ठेवण्याजोगं आहे. आपल्याकडच्या बहुतेक गटांत ते नेमकं उलटं असतं.

म्हणून रोजच्या ऐवजी सोमवार, बुधवार, शुक्रवार. साडेसहा ते आठ वाजून दहा मिनिटं. सव्वाआठला बीकॉमवाली वसतिगृहाकडे निघू शकते आणि बाकीच्यांची मेस चुकत नाही.

जागेचा प्रश्न या वेळापत्रकानेच सुटला. अभ्यासिकेत बोलता येत नाही, फ्लॅटमध्ये टेबल-खुर्च्या नाहीत आणि मांडीवर पॅड घेऊन लिहिलं की अक्षर व वेग दोन्ही बिघडतात. चहाच्या टपरीवर तर लिहिणं शक्यच नसतं आणि तिथून उठवतही नाही. म्हणून साडेसहाला प्रत्येक जण अभ्यासिकेत आपापल्या केबिनमध्ये बसून लिहितो, सहा पंचावन्नला पेन खाली ठेवतो आणि मग सगळे मिळून फ्लॅटवर जातात. सात वाजून पाच मिनिटांनी तपासणी सुरू.

लिहिण्याचा भाग

एका बैठकीत तीन प्रश्न: दहा गुणांचे दोन, पंधरा गुणांचा एक. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या (यूपीएससीच्या) सामान्य अध्ययनाच्या पहिल्या तीन पेपरांत प्रत्येकी दहा गुणांचे दहा आणि पंधरा गुणांचे दहा असे वीस प्रश्न तीन तासांत सोडवायचे असतात, अनुक्रमे १५० आणि २५० शब्दांत. सरावासाठी गटाने तोच साचा धरला. दहा गुणांना ७ मिनिटं, पंधरा गुणांना ११ मिनिटं. दहा साते सत्तर आणि दहा अकरा एकशेदहा, मिळून बरोबर १८० मिनिटं. बैठकीच्या तीन प्रश्नांना २५ मिनिटं लागतात, एकही मिनिट जास्त नाही.

सात मिनिटांची वाटणीही ठरवावी लागते. पहिलं मिनिट प्रश्न वाचायला, 'परीक्षण करा', 'चर्चा करा', 'स्पष्ट करा' यांपैकी काय विचारलं आहे त्याखाली रेघ मारायला आणि समासात तीन-चार शब्द टिपायला. साडेपाच मिनिटं लिहायला, शेवटचं अर्धं मिनिट अधोरेखनाला. नवखे उमेदवार हे पहिलं मिनिट वाचवायला जातात आणि मग चौथ्या मिनिटाला दिशा चुकल्याचं कळतं. शब्द एकेक मोजत बसू नये. आपल्या अक्षरात एका ओळीत किती शब्द बसतात ते एकदा मोजून ठेवावं. आठ बसत असतील तर १५० शब्द म्हणजे १९ ओळी.

प्रश्न कोण काढणार यावरून बरेच गट अडखळतात. जो प्रश्न काढतो त्याला ते आधीच माहीत असतात, मग त्याचं उत्तर तयारीचं होतं. इथे असं ठरलं की आठवड्याचा जबाबदार आळीपाळीने बदलेल. तो रविवारी फक्त अभ्यासक्रमाचा घटक जाहीर करील आणि त्या घटकावरचे पंधरा प्रश्न चिठ्ठ्यांवर लिहून डब्यात टाकील. त्यातले नऊ आठवड्याभरात उचलले जातील. कोणते, ते त्यालाही माहीत नसतं. केंद्रीय आयोगाचे २०१३ पासूनचे प्रश्न हा मुख्य साठा. ते मराठीत आणताना शक्य तिथे महाराष्ट्राचा संदर्भ जोडायचा, कारण राज्याच्या परीक्षेत तो लागणारच.

खर्च कागदाचा. दहा गुणांच्या उत्तराला एक ताव, पंधराच्या उत्तराला दोन. माणशी एका बैठकीला चार ताव, सहा जणांचे आठवड्याला ७२. पाचशे तावांचं रीम जवळजवळ सात आठवडे पुरतं. कागद सगळ्यांचा सारखाच असावा, दोन्ही बाजूंना समास आखलेला. शेरे लिहायला जागा लागते.

कॉपी तपासणं

सगळ्यात जास्त काळजी घ्यायची ती इथे.

जोड्या लावू नयेत. मी तुझी आणि तू माझी कॉपी तपासायची ठरली, की दोन आठवड्यांत दोघंही एकमेकांना सांभाळून घेऊ लागतात. कॉपी चक्राकार फिरवावी. सगळ्यांना एक ते सहा क्रमांक द्यायचे. पहिल्या आठवड्यात प्रत्येकाची कॉपी पुढच्याकडे जाते, दुसऱ्या आठवड्यात दोन घरं पुढे, तिसऱ्यात चार, चौथ्यात पाच. तीन घरं पुढे मुद्दाम वगळलं आहे, कारण सहा जणांत तीन घरं पुढे गेलं की पुन्हा जोड्याच होतात: पहिल्याची चौथ्याकडे आणि चौथ्याची पहिल्याकडे. पाच जणांच्या गटात ही अडचण येत नाही, तिथे एक ते चार कोणतीही पायरी चालते. त्या दृष्टीने पाचाचा गट सर्वांत सोपा. चारांत एक गैरहजर राहिला की तिघेच उरतात, आणि आठ जणांत चर्चेला वेळ पुरत नाही.

दहा गुणांची वाटणी अशी: प्रश्नाने जे मागितलं ते दिलं का, ३. आशय, ३. पुरावा म्हणजे कलम, आकडा, समिती, उदाहरण, नकाशा, २. मांडणी आणि भाषा, २. पंधरासाठी हेच दीडपट. तीन उत्तरं तपासायला २० मिनिटं दिली आहेत आणि ती पुरतात. प्रत्येक उत्तराखाली दोन वाक्यं लिहायचीच: या उत्तरातली टिकवायची एक गोष्ट आणि पुढच्या वेळी बदलायची एक गोष्ट. 'छान', 'अजून चांगलं करता येईल' असले शेरे चालत नाहीत, कारण ते वाचून पुढच्या उत्तरात काहीच बदलता येत नाही.

मित्र मित्राला गुण देताना हात सैल सोडतो. दहापैकी सात, साडेसात सहज पडतात, आणि मग बाहेरून तपासून आलेल्या कॉपीवर साडेतीन पाहिले की धक्का बसतो. त्यावर उपाय म्हणून दर पाचव्या आठवड्यात चक्र थांबवून एक वेगळी बैठक होते. एकाच कॉपीच्या सहा झेरॉक्स काढायच्या, नाव झाकायचं, सगळ्यांनी स्वतंत्रपणे गुण द्यायचे आणि ते एकदम उघड करायचे. पहिल्या वेळी त्याच उत्तराला कोणी ३ देतं, कोणी ८. आठ देणाऱ्याने माहिती मोजलेली असते, तीन देणाऱ्याने प्रश्नाची मागणी. हा फरक एकदा बोलून झाला की पुढच्या वेळी अंतर दीड-दोन गुणांवर येतं. नव्या गटाने ही बैठक अगदी पहिल्या दिवशी घ्यावी.

एक उत्तर जवळून

प्रश्न असा होता: '७३व्या घटनादुरुस्तीनंतरही महाराष्ट्रातील ग्रामपंचायतींची आर्थिक स्वायत्तता मर्यादित राहिली आहे. परीक्षण करा.' दहा गुण. (७३वी दुरुस्ती म्हणजे पंचायतींना घटनात्मक दर्जा देणारी दुरुस्ती.)

अशा प्रश्नावरची सरासरी कॉपी कशी असते ते पाहू. सुरुवात बलवंतराय मेहता समिती, १९५७. मग अशोक मेहता समिती, १९७८. मग राज्यातली वसंतराव नाईक समिती, १९६१ चा जिल्हा परिषद कायदा, १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा, आणि २४ एप्रिल १९९३ ला अमलात आलेली ७३वी दुरुस्ती. इथवर साठ शब्द संपतात. पुढे अकराव्या अनुसूचीतले २९ विषय आणि महिलांचं ५० टक्के आरक्षण, आणखी चाळीस शब्द. पैशाबद्दल शेवटच्या परिच्छेदात 'निधी अपुरा पडतो' असं एक वाक्य.

एकही विधान चुकीचं नाही. म्हणूनच लिहिणाऱ्याला स्वतःची कॉपी वाचताना काही खटकत नाही. तपासणाऱ्याने प्रश्नातल्या 'आर्थिक स्वायत्तता' या शब्दांना गोल केला आणि त्यांच्याशी थेट संबंध असलेल्या ओळींना समासात खूण केली. एकोणीसपैकी चार ओळी निघाल्या. असं मोजून दाखवलं की वाद उरत नाही.

मग सहा कॉपी शेजारी ठेवल्या. राज्यशास्त्रवाल्याच्या कॉपीत कर लावण्याच्या अधिकाराचं कलम २४३ एच आणि दर पाच वर्षांनी नेमायच्या राज्य वित्त आयोगाचं २४३ आय होतं. बीकॉमवालीने पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानाचा २०२१ ते २०२६ चा साचा मांडला होता: ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेली, फक्त ४० टक्के मोकळी. कृषी पदवीधराने घरपट्टी आणि पाणीपट्टीची थकबाकी, आणि आपल्याच मतदारांकडून वसुली करायला सरपंच कचरतो ही गावातली खरी गोष्ट लिहिली होती. बीफार्मवालीकडे दुसरी बाजू होती: पेसा क्षेत्रातल्या (आदिवासीबहुल अनुसूचित क्षेत्रांसाठीचा पंचायत कायदा लागू असलेल्या भागातल्या) ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेचा पाच टक्के निधी थेट देण्याचा राज्याचा निर्णय. परीक्षण करायचं तर अशी दुसरी बाजू लागतेच. लातूरच्याने गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाचं बांबूविक्रीचं उदाहरण दिलं होतं. ते सगळ्यांना आवडलं, पण त्याच्या तपासणाऱ्याने तिथे प्रश्नचिन्ह टाकलं. बांबू विकण्याचा तो अधिकार ग्रामसभेला वनहक्क कायद्याने मिळाला आहे, ग्रामपंचायतीला ७३व्या दुरुस्तीने नाही. उदाहरण वापरता येईल, पण हा फरक एका वाक्यात सांगूनच.

एकत्र केलेल्या कागदावर नऊ मुद्दे आले. कोणाच्याही एका कॉपीत पाचपेक्षा जास्त नव्हते. आधी सहा जणांनी वेगवेगळं लिहिलं म्हणून हे नऊ निघाले. इंजिनिअरने सुरुवातीलाच दहा मिनिटं बोलून दिशा दिली असती तर इतके निघाले नसते.

शेवटची दहा मिनिटं पुन्हा लिहिण्याची. सगळं उत्तर नाही, फक्त सगळ्यात कमकुवत परिच्छेद. इथे ती प्रस्तावना होती. समित्यांची साखळी काढून दोन ओळींत थेट २४३ एच आणि २९ विषयांवर यायचं. ही दहा मिनिटं बरेच गट उशीर झाला म्हणून सोडून देतात. त्यापेक्षा चर्चा दहा मिनिटं आधी तोडावी.

चर्चा पंचवीस मिनिटांत कशी बसवतात

तपासणाऱ्याने आधी बोलायचं, आणि विषयावर न बोलता कॉपीवर बोलायचं. लिहिणाऱ्याने पहिली दोन मिनिटं उत्तर द्यायचं नाही. इंजिनिअरने शेवटी बोलायचं, हे त्याच्याशी आधी एकट्याशी बोलून ठरवलं होतं. चारचौघांत सांगितलं असतं तर तो दुखावला असता. एखाद्या तथ्यावर मतभेद झाला, म्हणजे कलम कोणतं, वर्ष कोणतं, तर वाद थांबवून ते शंकांच्या यादीत टाकायचं. एक जण पुढच्या बैठकीला पुस्तकातलं किंवा शासन निर्णयाचं पान घेऊन येतो. मोबाईलवर लगेच शोधू द्यायचं नाही. शोधायला घेतलेला मोबाईल पाच मिनिटांत परत खाली जात नाही.

नीतिशास्त्राच्या पेपरातल्या (सामान्य अध्ययनाच्या चौथ्या पेपरातल्या) प्रसंगांना मात्र वेळ वाढवून द्यावा, कारण गटाचा सर्वांत मोठा फायदा तिथेच आहे. उदाहरणार्थ, तुम्ही तहसीलदार आहात, रात्री अवैध वाळूचा डंपर पकडला आहे, मालक स्थानिक पुढाऱ्याचा नातेवाईक आहे. पहिल्या वेळी जवळजवळ सगळ्या कॉप्यांत 'बदली झाली तरी चालेल, मी दबावाला झुकणार नाही' अशा अर्थाचं काहीतरी येतं. हा बाणा झाला, कारवाई अजून आलीच नाही. तपासणाऱ्याने विचारायचं: पंचनामा कोण करील, वाहन कुठे ठेवाल, जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली काय कराल, सोबतच्या तलाठ्याच्या सुरक्षेचं काय, ज्या गावकऱ्याने फोन केला त्याचं नाव कसं झाकाल? सहा जणांना सहा वेगळे संबंधित घटक सुचतात. एकट्याला तीनाच्या पुढे क्वचितच सुचतात.

निबंध गटात पूर्ण लिहू नये. सहा निबंध वाचण्यात सगळी संध्याकाळ जाते. विषय घेऊन प्रत्येकाने वीस मिनिटांत फक्त आराखडा करावा आणि तो फिरवावा.

चालू घडामोडी शुक्रवारी, लिहिण्याऐवजी नाही तर त्याच्या शेवटी, पुन्हा लिहिण्याची दहा मिनिटं झाल्यावर. प्रत्येकाकडे एक क्षेत्र, आठवड्याला दोन नोंदी, एका कार्डावर, माणशी दीड मिनिट. नोट्सची वाटणी फसली आणि ही वाटणी चालली, कारण ही लहान आहे आणि पुढच्या बुधवारी त्यातलाच एक मुद्दा उत्तरात वापरावा लागतो.

जे पूर्ण सुटलं नाही

गैरहजेरी राहिलीच, पण तिचा नियम झाला. जो येऊ शकत नाही त्याने त्याच दिवशी रात्री दहाच्या आत तीन उत्तरांचे फोटो पाठवायचे, म्हणजे त्याच्या कॉपीचं चक्र तुटत नाही. सलग दोनदा फोटो आले नाहीत तर जबाबदाराने फोन करायचा, ग्रुपवर लिहायचं नाही. टेलिग्रामवर आता दोनच प्रकारचे संदेश येतात: रविवारचा घटक आणि एकत्र केलेल्या मुद्द्यांचा फोटो. इतर पीडीएफ पाठवायला बंदी आहे आणि ती पाळली जाते.

एक आड एक रविवारी तीन तासांचा पूर्ण पेपर. त्याची कॉपी बैठकीत तपासता येत नाही, वीस उत्तरांना दोन-अडीच तास जातात. ती घरी नेऊन मंगळवारपर्यंत परत करायची. तपासताना पहिली पाच आणि शेवटची पाच उत्तरं शेजारी ठेवून पाहावीत. हात दुखू लागला की शेवटच्या उत्तरांत ओळी कमी होतात आणि उदाहरणं नाहीशी होतात. सात मिनिटांच्या सरावात हा दोष कधीच दिसत नाही.

दर तिसऱ्या पूर्ण पेपरची कॉपी बाहेर, अनुभवी परीक्षकाकडे द्यावी. सहाही जणांना एकच चूक होत असेल तर ती गटात कोणालाच दिसणार नाही. या गटात सगळेच शेवट 'अशा प्रकारे' ने करत होते आणि शेवटच्या तीन ओळींत प्रश्नच पुन्हा लिहीत होते. बाहेरच्या परीक्षकाने पहिल्याच कॉपीत ते टिपलं.

सर्वांत अवघड दिवस पूर्वपरीक्षेच्या निकालाचा. सहाही जणांचे क्रमांक यादीत असतील असं धरून चालू नये, आणि त्या दिवशी काय करायचं हे निकालाआधी ठरलेलं असावं, कारण नंतर ते बोलणं कोणालाच जमत नाही. या गटाने असं ठरवलं होतं: निकालानंतरची पहिली बैठक होणार नाही. ज्यांचं नाव नसेल त्यांच्यावर येण्याचं बंधन नाही, पण यायचं असेल तर जागा आहे. त्यांच्या तपासलेल्या सगळ्या कॉप्या आणि मुद्द्यांचे कागद त्यांना तारखेनुसार लावून द्यायचे. चारपेक्षा कमी उरले तर त्याच अभ्यासिकेतल्या दुसऱ्या गटात विलीन व्हायचं, आणि तिथली पहिली बैठक नवीन प्रश्नांची न ठेवता एकाच झाकलेल्या कॉपीला सगळ्यांनी गुण देण्याची ठेवायची.